शंभर पोळ्यांमागे हातात किती उरतात? चाळीतल्या वरकमाईचा तासावर हिशेब

घरबसल्या चार पैसे जास्तीचे कमवायचे म्हटलं की मुंबईत सल्ल्यांना तोटा नाही. पोळ्या दे, फॉल लाव, राख्या चिकटव, फराळाच्या ऑर्डरी घे. तासाला हातात किती पडतात, हे मात्र कुणी सांगत नाही. महिन्याचा आकडा फसवा असतो. 'महिन्याला आठ हजार सुटतात' हे ऐकायला बरं वाटतं. पण त्यासाठी सव्वीस दिवस रोज सहा तास गेले असतील तर तासाला पन्नास रुपये पडले आणि दोन तास गेले असतील तर दीडशे. आठ हजार तेच, पण एका बाईची कंबर मोडते आणि दुसरी संध्याकाळी मुलाचा अभ्यास घ्यायला मोकळी असते.

म्हणून इथे कामं तासावर तोलली आहेत. भाव अंदाजाने धरलेत. तुमच्या गल्लीतला गहू, तेल, गॅसचा भाव घालून हिशेब पुन्हा मांडा, पद्धत तीच राहील.

सुरुवात पोळ्यांपासून. दहा बाय बाराच्या खोलीत, एका शेगडीवर, जवळजवळ भांडवल न घालता सुरू होणारं आणि रोज रोख देणारं दुसरं काम शोधून सापडणार नाही. तवा, पोळपाट, लाटणं घरात असतंच. एकच वस्तू विकत घ्यायची: स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल वजनकाटा, चार-पाचशेचा. तो कशाला, ते बघा.

एक किलो कणकेला लोकवन गव्हाची असेल तर साधारण सहाशे ते साडेसहाशे मिली पाणी, दोन मोठे चमचे तेल, एक लहान चमचा मीठ. अडीच किलो कणीक भिजवली की पीठ, पाणी, तेल मिळून सुमारे ४ किलो १०० ग्रॅम गोळा होतो. घडीच्या पोळीचा गोळा ४२ ग्रॅमचा धरला तर ९७ पोळ्या निघतात. हातानेच गोळे तोडत गेलात की पहिले वीस बरोबर येतात, मग हात सैल सुटतो आणि गोळा ५० ग्रॅमवर जातो. त्याच कणकेत ८५ पोळ्या! बारा पोळ्या कुठे गेल्या ते कळतही नाही, आणि गिऱ्हाईक मोठ्या पोळीचे जास्त पैसे देत नाही. म्हणून आधी सगळे गोळे तोडून घ्यायचे, दर दहाव्याला काट्यावर टाकायचा, आणि सगळे ओल्या फडक्याखाली ठेवून मगच लाटायला बसायचं.

आता खर्च. गहू दळणासकट ४७ रुपये किलो धरला तर अडीच किलोचे ११८. मोहन आणि घडीत लावायचं मिळून दोनशे ग्रॅम तेल, ३० रुपये. गॅस मोठ्या बर्नरला पूर्ण आचेवर तासाला दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम लागतो. दोन तासांचा साडेतीनशे ग्रॅम धरा, शंभर रुपये किलोने ३५. बांधायचा कागद १५. एकूण १९८, म्हणजे पोळीमागे दोन रुपये. सात रुपयाने विकली तर शंभर पोळ्यांचे सातशे आले आणि पाचशे उरले. वेळ: मळायला आणि गोळे करायला अर्धा तास, एका तव्यावर लाटणं-भाजणं दोन तास, बांधाबांध आणि आवराआवर अर्धा तास. तीन तासांचे पाचशे, तासाला १६५ च्या आसपास. घरात दुसरं माणूस भाजायला उभं राहिलं तर मधले दोन तास दीडावर येतात. ते माणूस नवरा असला तरी चालतो. तव्याला फरक पडत नाही.

गॅसचा भाव शंभर रुपये किलो का धरला? कारण अनुदानाचा असो वा नसो, १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर घरच्या स्वयंपाकापुरता असतो आणि तो धंद्याला वापरणं नियमात बसत नाही. धंद्याचा सिलिंडर १९ किलोचा. एवढा मोठा घ्यायला जागा किंवा पैसे नसतील तर पाच किलोचा फ्री ट्रेड सिलिंडर ओळखपत्र दाखवून मिळतो. किलोमागे तो महाग पडतो, पण हिशेब खरा राहतो. बहुतेक घरांत पोळ्यांचा गॅस घरच्या सिलिंडरमध्ये गडप होतो, मग 'सिलिंडर हल्ली वीस दिवसांत संपतो' म्हणून कुरकुर चालू होते. नक्की किती जातो ते बघायचं असेल तर सोपं आहे. प्रत्येक सिलिंडरवर त्याचं रिकामं वजन ठोकलेलं असतं. आठवड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी लटकत्या काट्याला लावा. मधला फरक म्हणजे आठवड्याचा गॅस.

पोळी चार तासांनी कडक होते, ही सगळ्यात मोठी तक्रार. कारणं चारच आहेत. कणीक घट्ट भिजवली. मळून अर्धा तास झाकून ठेवली नाही. मंद आचेवर पोळी फार वेळ वाळत राहिली. किंवा लाटताना पिठी भरमसाट लावली. तवा जाड हवा, बिडाचा किंवा जड लोखंडी, आणि आधी पुरता तापलेला. पातळ तव्यावर चाळिसाव्या पोळीनंतर आच कमी-जास्त करतच राहावं लागतं. कडा जाड राहिल्या तर मधला भाग करपेपर्यंत कडा कच्च्याच राहतात, म्हणून लाटण्याचा भार शेवटच्या दोन फेऱ्यांत कडेवर.

दुसरी तक्रार उलटी: पोळ्या ओल्या लागतात. तव्यावरची पोळी थेट एकावर एक रचून फॉइलमध्ये गुंडाळली की वाफ आत अडकते, घाम सुटतो आणि खालच्या चार पोळ्यांचा लगदा होतो. सुती फडक्यावर पसरून दोन-तीन मिनिटं वाफ जाऊ द्या, मग फडक्यातच रचा, आणि बांधायच्या वेळी बटर पेपर. वर्तमानपत्रात बांधू नका. शाई तेलात उतरते आणि ती पोटात जाते.

वेळ वाचवायला रात्रीच कणीक मळून ठेवायचा मोह होतो. थंडीत चालून जातं. एप्रिल-मेच्या मुंबईत सकाळपर्यंत कणीक काळपट पडते, आंबूस वास येतो आणि पोळी लाटताना तुटते. फ्रिज असेल तर तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात. नसेल तर ताजीच मळायची.

गिऱ्हाईक लांबचं घेऊ नका. तुमची चाळ, समोरच्या दोन इमारती, फार तर पलीकडची गल्ली. एकटे राहणारे म्हातारे, दोघंही कामाला जाणारी जोडपी, चौघांत एक खोली घेऊन राहणारी मुलं: ही तीन प्रकारची घरं रोज पोळी घेतात. संध्याकाळी साडेसातला पोचली तर पोळी हवी असते, सव्वाआठला पोचली तर त्यांनी वडापाव खाल्लेला असतो. म्हणून सुरुवातीला चाळीस पोळ्यांच्या वर जाऊ नका. दोन महिने वेळ पाळली की ऑर्डर आपोआप शंभरावर येते.

उधारी नाही. तीस पोळ्यांचं कार्ड करा: पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तीस चौकोन, पैसे आधी, रोज दिल्या तेवढ्या चौकोनांवर फुली. कार्ड संपलं की नवं. हे शेजारणीला सांगताना जीभ अडखळते हे खरं, पण महिनाअखेरीला तिच्या दारात उभं राहून 'ते जरा राहिलेत' म्हणताना जास्त अडखळते.

आणि एक गोष्ट आधीच धरून चला. मे महिन्यात आणि गणपतीत अर्धी गिऱ्हाईकं कोकणात किंवा घाटावर, आपापल्या गावी. त्या दिवसांत पन्नास पोळ्याही जात नाहीत. वर्षाचा हिशेब बारा महिन्यांनी न करता दहाने करा, म्हणजे मेमध्ये शाळेच्या वह्यांसाठी हात पसरावे लागणार नाहीत.

हे काम मुंबईला नवं नाही. गिरणगावात बायकांनी गिरणी कामगारांना जेवण घालत खानावळी चालवल्या. माल उधार, सावकाराचं व्याज, आणि दिवसभर चुलीपुढे राबून हातात काही नाही, अशी गत होती. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळण्याची वाट खुली झाली. त्याच्याही आधी, १९५९ मध्ये, गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. तोच पुढे लिज्जत झाला. तिथली पद्धत बघण्यासारखी आहे: पीठ एका जागी मळलं जातं, बायका ते घरी नेऊन लाटतात, वाळलेले पापड वजनाने परत देतात आणि मजुरी किलोवर मिळते. कच्चा माल, चव आणि विक्री यांची डोकेदुखी एकेकटीवर पडत नाही. एवढी मोठी संस्था प्रत्येक चाळीत निघणार नाही. पण एका मजल्यावरच्या चौघींनी मिळून गव्हाचा तीस किलोचा कट्टा आणि तेलाचा पंधरा किलोचा डबा आणला, तर किरकोळ आणि घाऊक भावातला फरक चौघींच्या पदरात पडतो. भांडण वाटणीवरून होतं, म्हणून वजनकाटा तिथेही मधोमध ठेवा.

आता बिरडं, म्हणजे मोड आणून सोललेले वाल. दादर, गिरगाव, पार्ल्याच्या भाजीबाजारात सोललेल्या कडव्या वालांच्या पुड्या दिसतात. खाणारे पुष्कळ, सोलायला वेळ कुणालाच नाही. त्या वेळेचेच पैसे मिळतात. एक किलो वाल रात्री भरपूर पाण्यात भिजवा. सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधून टांगा. उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात, थंडीत चोवीस लागतात. मोड अर्ध्या इंचाचे झाले की कोमट पाण्यात दहा मिनिटं टाकायचे, मग साल अंगठ्याने दाबली की डाळिंबी टुपकन बाहेर. पाणी कढत घेतलंत तर दाणा अर्धवट शिजतो, सोलताना त्याचे दोन तुकडे होतात, आणि फुटक्या डाळिंब्यांना भाव नाही.

एक किलो सुक्या वालांचं भिजून, सालं जाऊन साधारण एक किलो सहाशे ते सातशे ग्रॅम बिरडं होतं. पाव किलोच्या सहा पुड्या धरा, उरलेलं घरच्या आमटीला. वाल २२० रुपयांचे, पुड्यांचे दहा, आणि भाजीवालीने पुडीला ८० दिले तर ४८० आले. २५० उरले. सरावाच्या हाताला एक किलो सोलायला तीन तास. तासाला ८३. पोळ्यांच्या निम्मे, पण गॅस नाही, घाम नाही, आणि मालिका बघत, दारात बसून, सासूबाईंना जोडीला घेऊन होतं. स्वतः दारोदार विकलंत तर पुडी शंभरला जाते, पण हिंडायचा वेळ हिशेबात धरा.

गोची पावसाळ्यात होते. श्रावणात मागणी चढते आणि नेमकी तेव्हाच हवा दमट. फडक्यात वालांना तार सुटते, बोटांना चिकट लागतं, वास मारतो. उपाय एवढाच: दर चार-पाच तासांनी पोटली सोडून वाल वाहत्या पाण्याखाली धुवायचे आणि पुन्हा बांधायचे. नळाला सकाळचे दोनच तास पाणी असेल तर त्यासाठी एक बादली आधीच बाजूला भरून ठेवावी लागते. चिकट झालेला माल 'धुतला की जाईल' म्हणून देऊ नका. भाजीवाली एकदाच परत करते, दुसऱ्यांदा घेतच नाही.

फॉल-बिडिंगचं थोडक्यात. साडीमागे शंभर रुपये घेतले तर फॉल वीसचा, पिकोचं मशीन नसेल तर दुकानात पिको करून घ्यायचे वीस, दोऱ्याचे दोन. उरले ५८, आणि हाताने लावायला एक तास. घरी साधं मशीन असेल तर खालची कड मशीनवर आणि वरची तेवढी हाताने, अर्धा-पाऊण तास. इथे जे बिघडतं ते जवळजवळ नेहमी एकाच कारणाने: फॉल आधी भिजवला नाही. सुती फॉल पहिल्या धुण्यात आटतो, साडी आटत नाही, आणि काठाला चुण्या पडतात. पैठणीच्या काठाला चुण्या पडल्या की ती बाई आयुष्यभर तुमचं नाव घेते. फॉल रात्री पाण्यात, सकाळी वाळवून इस्त्री, मगच साडीला. रंगीत फॉलचा रंग सुटतो का तेही त्याच बादलीत कळतं. साडीचं आतलं, खोचायचं टोक ओळखून तिथून साधारण वीतभर सोडून फॉल सुरू करायचा. पदराच्या बाजूने लावला तर सगळं उसवणं आलं. डझनाने फॉल आणायला मंगलदास मार्केट किंवा दादर-हिंदमाता. पांढरा, काळा, मरून, हिरवा, निळा एवढे घरात असू द्या, बाकी रंग साडी आली की.

लाल मसाल्याच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी एक पाहावं. मार्च ते मे हा हंगाम. लालबागला मिरच्या, खडे मसाले, भाजणं आणि डंकावर कुटणं सगळं एका गल्लीत होतं, म्हणून आपल्याकडे काम उरतं ते देठं काढण्याचं आणि गच्चीवर वाळवण्याचं. घरात मिरची भाजायचा विचारही करू नका. भिंतीला भिंत लागून असलेल्या चाळीत अख्खा मजला खोकतो.

दिवाळीचा फराळ हा मात्र वर्षातला मोठा हात. त्यातही चकली, कारण लाडू-शंकरपाळे बरीच घरं स्वतः करतात आणि चकलीला घाबरतात.

भाजणी: एक किलो तांदूळ, अर्धा किलो चणाडाळ, पाव किलो उडीदडाळ, १२५ ग्रॅम मूगडाळ, ५० ग्रॅम धणे, २५ ग्रॅम जिरे. धान्यं धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, वेगवेगळी भाजायची. एकत्र भाजली तर मूगडाळ करपते तेव्हा तांदूळ अजून कच्चाच असतो. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळायला देऊ नका. आधीचं पीठ जात्यात राहतं आणि पहिलं अर्धा किलो गव्हात मिसळून येतं. तांदळावर दळून मागा, किंवा गिरणीवाल्याच्या कलाने सकाळी पहिला नंबर लावा.

एक किलो भाजणीला ११० ग्रॅमच्या आसपास कडकडीत तेलाचं मोहन. इथेच सगळा खेळ आहे. मोहन जास्त झालं की चकली तेलात हसते, तिचे वेढे सुटतात आणि कढईत चुरा तरंगतो. कमी झालं की दात हलवणारी कडक. म्हणून पहिली चकली एकटी तळायची. विरघळली तर उरलेल्या पिठात मूठ-दोन मूठ कोरडी भाजणी घालून पुन्हा मळायचं. कडक झाली तर दोन चमचे गरम तेल आणखी. सोऱ्यातून पाडताना तुटत असेल तर दोष मोहनाचा नव्हे, पीठ कोरडं आहे. पाण्याचा हात लावून मळा. आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडणारी चकली म्हणजे मोठ्या आचेवर घाईने तळलेली: वरून रंग आला, आत ओल राहिली. तेल आधी चांगलं तापवून, चकल्या सोडल्यावर आच मध्यम, आणि बुडबुडे जवळजवळ थांबल्याशिवाय झारा घालायचा नाही. गार झाल्यावरच डब्यात. कोमट चकली पिशवीत बंद केली की पिशवीला आतून दव धरतं.

एक किलो भाजणीची एक किलो चारशेच्या आसपास चकली होते. खर्च: भाजणी ११०, मोहन आणि मुरणारं तेल मिळून साठ, तीळ-ओवा-तिखट पंचवीस, गॅस चाळीस, पिशव्या वीस, झाले २५५. साडेचारशे रुपये किलोने विकली तर ६३० आले, ३७५ उरले. पाडायला-तळायला दोन तास, भाजणीचा वाटणीला येणारा अर्धा तास. तासाला दीडशे. पण कढईत शेवटी उरलेलं काळं तेलही तुमचंच आहे, ते खर्चात धरा. त्यात पुढच्या दिवशीचा माल तळला तर तिसऱ्या दिवशी चकलीला खवट वास येतो आणि दिवाळीच्या आत बदनामी होते.

अर्धे पैसे आगाऊ घ्या आणि धनत्रयोदशीच्या आठ दिवस आधी ऑर्डरी बंद करा. शेवटच्या आठवड्यात 'फक्त अर्धा किलो गं' म्हणणाऱ्या दहा जणी येतात. त्या दहा अर्ध्या किलोंनी आधीच्या वीस ऑर्डरी बिघडतात.

उकडीचे मोदक बारा महिने नसतात, पण संकष्टीला आणि गणपतीत ऑर्डर येते. एक किलो पिठीला एक लीटर पाणी घेतलं की साठच्या आसपास मोदक, आणि त्याला पाच मध्यम नारळ, सहाशे ग्रॅम गूळ. मोदक उकडताना फुटतात ते बहुधा उकड गार झाल्यावर मळल्याने. हाताला चटका सोसवेल इतकी गरम असतानाच मळावी लागते.

खाण्याचं काहीही विकायचं तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. घरगुती धंद्याला लायसन्सची गरज नाही, साधी नोंदणी पुरते: फोस्कॉस नावाच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, फोटो, ओळखपत्र, आणि वर्षाची फी १०० रुपये. यासाठी एजंट हजार-दोन हजार मागतात. कॉलेजात जाणारं घरातलं कुणीही मोबाइलवर भरू शकतं. चौदा अंकी क्रमांक मिळतो. पिशवीबंद माल दिलात तर तो क्रमांक, घटक, वजन, किंमत, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावा, तुमचा पत्ता आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका लेबलवर हवा. शेजारच्या काकूंना दिलेल्या चार पोळ्यांवर लेबल लागत नाही, पण वाण्याच्या दुकानात ठेवलेल्या चकलीच्या पाकिटावर लागतं.

आता नगावरची कामं: राख्या, इमिटेशनचे दागिने, टिकल्यांची पाकिटं, कपड्यांचे धागे कापणं. माल घरी येतो, घरूनच नेला जातो, भांडवल शून्य. पण दर ग्रोसवर असतो, म्हणजे १४४ नगांना. 'ग्रोसला तीस रुपये' ऐकून हो म्हणण्याआधी एक डझन घड्याळ लावून करा आणि बाराने गुणा. डझनाला दहा मिनिटं लागली तर ग्रोसला दोन तास, म्हणजे तासाला पंधरा रुपये. त्यात खराब नग कापून घेणार ते वेगळंच. मोजून घेताना आणि मोजून देताना वहीत दोघांची सही असू द्या. 'चार कमी आहेत' हा वाद दर आठवड्याला होतो. पोरांना या कामाला बसवू नका. पंधरा रुपयांसाठी त्यांचे दोन तास फार महाग पडतात.

अनामत घेऊन काम देणारा कुणीही असो, पेनं भरायचं म्हणा, पेन्सिली बांधायचं म्हणा, त्याला दारातूनच वाटेला लावा. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. मोबाइलवर 'व्हिडिओ लाइक करा, रोज हजार कमवा' तेही तसंच: पहिले दीडशे खरोखर येतात, मग 'प्रीमियम टास्क'साठी पाच हजार भरायला लावतात. बँकेचं खातं वापरायला देऊन महिन्याला भाडं मिळवायची ऑफर आली तर ती सरळ पोलिसांच्या दारात नेणारी वाट आहे. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरवतात आणि नाव तुमचं असतं. फसगत झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे गोठवण्याची शक्यता राहते.

यंत्र हवं असेल तर कर्जाआधी दोन दारं ठोठवा. वॉर्ड ऑफिसातल्या समाज विकास अधिकाऱ्याकडे बचत गटाची चौकशी होते. महापालिकेने गरजू महिलांना शिवणयंत्र, घरघंटी, मसाला कांडप यंत्र अनुदानावर दिली आहेत, पुढचे अर्ज कधी निघणार ते तिथेच कळतं. दुसरं, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना. अठरा पारंपरिक व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज पाचशे, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतचं व्हाउचर, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाखापर्यंत, मग दोन लाखांपर्यंत कर्ज. एका घरातून एकालाच मिळतं. स्वयंपाक त्या यादीत नाही, तेव्हा पोळ्यांसाठी तिथे फेऱ्या मारू नका.

गटाने मिळणारं आठवडी हप्त्याचं कर्ज मात्र पोळ्या सुरू करायला घेऊ नका. तवा घरात आहे. पहिला कट्टा गहू पगारातून आणता येत नसेल तर पाच किलो आणा, चाळीसऐवजी वीस पोळ्या द्या, आणि आलेले पैसे वेगळ्या डब्यात ठेवा, घरच्या वाणसामानाच्या डब्यात नाही. त्यातून आधी पुढचे दहा किलो गहू. उरलेले मग घरात.

भाव वाढवायचा तो वर्षातून एकदा, नव्या कार्डाबरोबर. चालू कार्डावर मधेच नाही. गॅस महागला म्हणून महिन्याच्या मधे पन्नास पैसे वाढवणाऱ्या बाईकडून गिऱ्हाईक पळतं, पण दसऱ्यापासून पोळी साडेसात रुपये असं पंधरा दिवस आधी कार्डावर लिहून दिलं की फार कुणी बोलत नाही. आणि क्यूआर कोडवर पैसे घेताना समोरचा 'तुमचा पिन टाका, मग पैसे येतील' म्हणाला तर फोन खिशात ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.